एकतीस मार्चचा ठामपणा

"मानवजातीचा आजवरचा सगळा इतिहास 'नाही' म्हणणाऱ्या माणसांनी घडवला आहे," औराळकर सर म्हणाले. त्यांनी उजवा हात वर केला आणि तो तसाच वर ठेवून आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

तेवढ्यात आमचे शिपाई गफूरभाई आत आले.

"सर, ती खुर्ची साहेबांच्या केबिनमधली हाय. परत आणायला सांगितलंय."

"हो हो, न्या की," सर म्हणाले, आणि वर गेलेला तो हात खाली आणून त्यांनी खुर्ची उचलून गफूरभाईंच्या हातात दिली. दुसरी खुर्ची त्यांनी मागितली नाही आणि आम्हीही कोणी दिली नाही. पुढं जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्हाला ठामपणा उभ्याने शिकवला गेला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मोबाइल यायचे होते. खात्याचं नाव सांगत नाही. खातं अजून आहे, आणि माझी पेन्शन तिथूनच येते. मराठवाड्यातलं जिल्ह्याचं गाव, एवढं पुरे. झालं होतं असं, की वरून एक आदेश आला होता. कर्मचाऱ्यांच्या अंगी ठामपणाचा अभाव दिसून येतो, सबब त्यांना ठामपणाचं प्रशिक्षण देण्यात यावं. आदेश पावसाळ्यात आला, थंडी त्याने फायलीत काढली, आणि मार्च संपता संपता कोणाच्या तरी लक्षात आलं की यासाठीचा निधी पडून आहे आणि तो एकतीस तारखेनंतर परत जाणार. आमच्याकडे निधी खाल्ला तर चौकशी व्हायची. परत गेला तर मात्र खातं महिनाभर सुतकात असल्यासारखं वागायचं.

मग तडवळकर साहेबांनी, म्हणजे आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी, सगळ्या शाखांना विचारलं, शिबिराला कोण बसणार? ऐन मार्चअखेरीला वेळ कोणाला होता? ज्यांना नाही म्हणता येत होतं ते नाही म्हणाले. उरलो आम्ही. निवड इतकी शास्त्रशुद्ध झालेली मी नंतर कुठल्याच सरकारी कामात पाहिली नाही.

आम्ही म्हणजे मी, आडनाव डोईफोडे, पण आडनावाला जागण्याचा प्रसंग तोवर कधी आला नव्हता. लेखा शाखेतले गुट्टे, जे स्वतःचं सोडून सगळ्यांचं काम करत. टायपिस्ट चौसाळकर बाई, ज्यांच्याकडून साहेबांच्या मुलाचे शाळेतले निबंधसुद्धा टाइप करून घेतले जात. आणखी चारपाच जण होते. ते इतके गरीब होते की त्यांची नावं तेव्हाही कोणाला आठवत नसत.

औराळकर सर नांदेडकडच्या कुठल्याशा कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. पंचेचाळिशीचा किडकिडीत माणूस. आदल्या दिवशी संध्याकाळीच येऊन स्टँडजवळच्या लॉजवर उतरले होते. शर्टाला कडक इस्त्री, पण दाढी केलेली नव्हती. शिकवण्याच्या मधे मधे ते थांबायचे, पत्र्याच्या छताकडे बघायचे, मग "हं, तर..." म्हणून पुन्हा सुरू व्हायचे. आम्हाला वाटलं, हेही ठामपणातलंच काहीतरी असेल. गफूरभाईंनी पोह्यांची बशी आणली तेव्हा सरांनी ती घेतली, पण एक घास खाल्ला नाही. बशी हातात धरूनच त्यांनी 'नकार देण्याच्या चार पायऱ्या' हा भाग संपवला. गफूरभाईंनी "सर, घ्या ना, गार हुतंय" म्हटलं, की ते "घेतो घेतो" म्हणत. शेवटी त्यांनी ती बशी खिडकीत ठेवली आणि वर वर्तमानपत्राची घडी टाकली.

जेवणाच्या सुट्टीआधी साहेबांनी मला बोलावणं पाठवलं. टेलिफोनवरचे काळवांडे जेवायला घरी गेले होते.

"डोईफोडे, जरा फोनवर बस. मुंबईहून फोन यायचाय."

"साहेब, शिबिर चालू..."

"अरे, चालू दे की ते. तू काही वाक्यं बुडवलीस तर तुझा ठामपणा आटत नाही."

मी फोनवर बसलो. मुंबईचा फोन आला नाही. दुसराच आला. लाइनीत खरखर होती आणि पलीकडून एक बाई ओरडून बोलत होत्या.

"हॅलो! औराळकर सर हायत का तिथं? मी त्यांची बहीण. मंदा. गावाकडनं, पोस्टातनं बोलतीय."

"शिबिरात आहेत. निरोप असला तर सांगा."

"त्याला विचारा, थांबायचं का उरकून घ्यायचं?"

"काय उरकायचं?"

पलीकडं नुसतीच खरखर झाली. मग बाई एकदम हळू बोलल्या, आणि तरी मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"त्यानं तिथं सांगितलं नाही व्हय? पहाटं बाबा गेले आमचे. लॉजवर फोन केला हुता मी. निघतो म्हणला. आम्ही तवापासनं वाटंकडं डोळे लावून बसलोय. पाहुणे खोळंबलेत. ऊन हे असलं. मोठी माणसं म्हणतेत, जास्त येळ ठिवू नका. आन् अग्नी तर त्यानंच द्यायचा, एकुलता एक हाय."

"मी सांगतो त्यांना."

"जोर देऊन सांगा भाऊ. तो बारका असल्यापासनं असाच हाय. कुणापुढं बोलायचा नाही. सहा वाजस्तोवर वाट बघतो म्हणावं. सहाच्या पुढं माझं कुणी ऐकायचं नाही."

सर व्हरांड्यात पाण्याच्या माठापाशी उभे होते. ग्लास भरलेला, पण ओठाला लावलेला नव्हता. मी त्यांना निरोप सांगितला. त्यांनी ग्लासातलं पाणी परत माठात ओतलं आणि मग लक्षात आल्यासारखं इकडे तिकडे पाहिलं.

"कोणाला बोलू नका हं," ते म्हणाले.

"सर, पण तुम्ही निघा ना. दोन तासांचा तर रस्ता आहे."

"निघणारच होतो. पहाटे फोन आला तेव्हा साहेबांकडे जाऊन सांगावं म्हटलं. गेलो त्यांच्या बंगल्यावर. ते पूजा करत होते. पूजेतून उठल्यावर अशी बातमी कशी द्यायची? म्हणून म्हणालो, घरी जरा प्रॉब्लेम आहे. ते म्हणाले, प्रॉब्लेम कोणाला नाही सर, आज एकतीस मार्च आहे, मोठे साहेब समारोपाला येतायत. म्हटलं, ठीक आहे."

"एवढंच?"

"मग वाटलं, पहिलं सत्र झालं की सांगू. तेवढ्यात चहा आला. मग दुसरं सत्र." त्यांनी ग्लास माठावर पालथा घातला. "तुम्ही खरंच कोणाला बोलू नका. वातावरण बिघडेल."

"बरं," मी म्हणालो. माझंही प्रशिक्षण अजून अर्धंच झालं होतं.

जेवणानंतरचा भाग होता प्रात्यक्षिकाचा. सरांनी चिठ्ठ्या केल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीत एक प्रसंग, आणि प्रत्येक प्रसंगात सर स्वतः साहेब. गुट्ट्यांच्या चिठ्ठीत होतं, 'वरिष्ठांनी घरचं काम सांगितल्यास नकार द्या.' गुट्ट्यांनी नकार द्यायला सुरुवात केली आणि शेवटी साहेबांच्या मेव्हण्याचं घर बदलायला रविवारी येतो म्हणून कबूल करून बसले. आम्ही पोट धरधरून हसलो. सरही हसले. मग माझी पाळी आली.

"मी तडवळकर साहेब," सर टेबलामागं उभे राहत म्हणाले. "तुम्ही दार लोटून आत आलात. बोला."

"साहेब, मला रजा पाहिजे."

"कशासाठी?"

चिठ्ठीत लिहिलं होतं, बहिणीचं लग्न.

"वडील वारले," मी म्हणालो.

"अहो डोईफोडे, लग्न आहे लग्न! नीट वाचा!" मागून गुट्टे ओरडले. पुन्हा हशा झाला.

सर हसले नाहीत. टेबलावरचा खडू त्यांनी उचलला, पुन्हा ठेवला.

"कधी?"

"पहाटे."

"मग आतापर्यंत इथं काय करताय?"

"सांगायला जमलं नाही."

"का जमलं नाही?"

"पहिलं सत्र झालं की सांगू म्हटलं. तेवढ्यात चहा आला."

हे वाक्य तर वर्गाला फारच आवडलं. कोणीतरी बाक वाजवला. सर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी तडवळकर साहेबांचा आवाज काढला, आणि तो त्यांना हुबेहूब जमला.

"आज एकतीस मार्च आहे. बघू."

"बघू नाही साहेब. मला जायचंय."

"समारोपाचं काय?"

"तो माझ्याशिवाय होईल."

"वातावरण बिघडेल."

"बिघडू द्या."

"लोक काय म्हणतील?"

हा प्रश्न कुठल्या साहेबाने कुठल्या कर्मचाऱ्याला विचारावा असा नव्हता. वर्गातला हशा जरा कमी झाला. मला चार पायऱ्यांपैकी एकही आठवेना.

"सर," मी म्हणालो, "जा ना."

सरांनी खडू पुन्हा उचलला. मग एकदम त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "उत्तम! पाहिलंत? डोईफोड्यांनी आवाज चढवला नाही, नजर वळवली नाही, कारणांची माळ लावली नाही. हाच ठामपणा. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी."

टाळ्या वाजल्या. सर फळ्याकडे वळले, मुद्दा लिहायला हात वर केला, पण लिहिलं काहीच नाही. आमच्याकडे पाठ करून तसेच उभे राहिले. शर्टाची पाठ घामाने चिकटली होती आणि ती हलत होती.

टाळ्या सगळ्यांत आधी चौसाळकर बाईंच्या थांबल्या.

"डोईफोडे," त्या म्हणाल्या, "हे खरं आहे का?"

मी सरांच्या पाठीकडे पाहिलं. कोणाला बोलणार नाही म्हणून मी त्यांना बरं म्हटलं होतं.

"हो," मी म्हणालो.

पत्रा तापून तडतडत होता. बाई उठल्या, खिडकीतली पोह्यांची बशी उचलून बाहेर ठेवून आल्या. घरात माणूस गेलेलं असताना ती तिथं असू नये, एवढंच त्यांना त्या क्षणी सुचलं असावं. मग म्हणाल्या, "चला साहेबांकडे. सर, तुम्ही इथंच बसा."

"अहो बाई, कशाला..." सर म्हणाले.

"बसा म्हणते ना."

सर बसले. फळ्याखालच्या ओट्यावर, भिंतीला टेकून.

बोलायचं कोणी, यावर व्हरांड्यात थोडी चर्चा झाली. गुट्टे म्हणाले बाईंनी बोलावं, बाईंवर साहेब ओरडत नाहीत. बाई म्हणाल्या डोईफोड्यांनी, आत्ताच टाळ्या मिळाल्यात. शेवटी आम्ही सगळेच आत घुसलो. साहेबांना आधी वाटलं, संप आहे.

ऐकल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला.

"अरे देवा. सकाळी आले होते रे माझ्याकडे. म्हणाले, घरी प्रॉब्लेम आहे. मला वाटलं, गॅस संपला असेल, बायको रुसली असेल." ते उभेच राहिले. "असं असतं तर मी ठेवून घेतलं असतं का? मी काय राक्षस आहे? द्या, जीप द्या त्यांना. आत्ताच्या आत्ता."

जीप नव्हती. ती विश्रामगृहावर मोठ्या साहेबांना, म्हणजे अधीक्षक अभियंत्यांना आणायला गेली होती. एसटी अडीचला निघून गेली होती. दुसरी पाचला.

"येईलच आता," साहेब म्हणाले. "मोठे साहेब उतरले की तीच जीप, तशीच पुढं."

आम्ही सरांना येऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली. चौसाळकर बाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि वडिलांचं वय, आजार, कोण कोण आहे घरी, असं हळूहळू विचारत राहिल्या. सर सांगत होते. वडील गुरुजी होते. कडक होते. घरात त्यांच्यापुढं कोणी ब्र काढत नसे.

जीप आली ती चारच्या सुमाराला. मोठे साहेब उतरले, ते सरळ हॉलमध्येच शिरले, आणि त्यांच्यामागून ड्रायव्हर नारळ आणि हारांची टोपली घेऊन आला.

"साहेब, सांगा ना," मी तडवळकर साहेबांच्या कानाशी लागलो.

"सांगतो रे. पाणी तर घेऊ दे त्यांना."

पाणी झालं.

"साहेब..."

"दीपप्रज्वलन होऊ दे. वाती लावून ठेवल्यात. अर्ध्यावर कसं उठवायचं?"

समई लागली. मोठ्या साहेबांनी औराळकर सरांच्या गळ्यात झेंडू आणि निशिगंधाचा हार घातला, फोटोग्राफर म्हणाला, "सर, जरा हसा," आणि सर हसले. मग मोठे साहेब भाषणाला उभे राहिले. तडवळकर साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. तो पुसायलाही त्यांना उठता येत नव्हतं, रुमाल केबिनमधल्या खुर्चीला अडकवलेल्या कोटात होता.

"ठामपणा म्हणजे काय?" मोठे साहेब म्हणाले. "मी नेहमी एक सांगत असतो..."

ते काय सांगत असत ते खात्यात सगळ्यांना पाठ होतं. ते लांबलचक होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग सरांकडे. सर हारासकट ताठ बसले होते, मोठ्या साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

मी उभा राहिलो.

"साहेब," मी म्हणालो.

भाषण चालूच होतं. तडवळकर साहेबांनी मागून माझा शर्ट ओढला.

"साहेब, थांबा!"

आवाज अपेक्षेपेक्षा फार मोठा निघाला. फोटोग्राफरने दचकून माझाच फोटो काढला. मोठे साहेब थांबले.

"यांचे वडील पहाटे वारलेत. गावाकडे माणसं खोळंबलीत. यांनी अग्नी द्यायचाय. तुमची जीप पाहिजे."

त्या एका वाक्यापायी पुढं माझी बदली झाली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण काहीच झालं नाही. आज खात्यात कोणाला ते आठवतही नसेल.

मोठे साहेब माझ्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, खरोखरच काही कळत नसल्याचा भाव होता.

"अहो, मग थांबलेत कशाला?" ते म्हणाले. "कोणी अडवलंय?"

त्यांनी तडवळकर साहेबांकडे पाहिलं. तडवळकर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुट्ट्यांकडे, गुट्ट्यांनी फळ्याकडे. हॉलमध्ये एवढी माणसं होती, पण अडवणारा म्हणून बोट दाखवावं असा त्यात एक नव्हता.

"कोणी नाही साहेब," औराळकर सर म्हणाले. "कोणीच नाही."

"मग जा, जा लवकर. ड्रायव्हर!"

आम्ही सगळे त्यांच्यामागे पळतच बाहेर आलो. सरांची बॅग गफूरभाईंनी जीपमध्ये टाकली. ड्रायव्हरने चाकं पाहिली. तेवढ्यात काळवांडे टेलिफोनच्या खोलीतून बाहेर आले, आणि आम्हाला सगळ्यांना असं एकत्र पाहून दारातच थबकले.

"औराळकर सर कोण?"

"मी."

"मघाशी फोन होता तुमच्यासाठी. आत भाषण चालू होतं, म्हणून उठवलं नाही." त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "मंदाताई म्हणून होत्या. नेलं म्हणून सांगा, म्हणाल्या. लोक ऐकेनात. भाच्याला पुढं केलं."

चौसाळकर बाईंनी तोंडाला पदर लावला. गुट्टे उगाचच जीपचं दार पुसायला लागले.

"बरं केलं," सर म्हणाले. "ऊन फार आहे."

ते ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. जायचं का, असं त्याला विचारायचं असावं. मी मान हलवली. त्याने जीप चालू केली. मी खिडकीपाशी गेलो. काहीतरी बोलायला हवं होतं. सकाळपासून आम्हाला बोलायलाच तर शिकवत होते.

सरच खिडकीतून थोडे बाहेर वाकले. एक हात बॅगेवर होता, दुसऱ्याने त्यांनी जीपची दांडी घट्ट धरली होती. इकडे तिकडे पाहून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ते मला म्हणाले,

"डोईफोडे, हा हार तेवढा काढून घेता का? मोठ्या साहेबांनी घातलाय, त्यांच्यादेखत कसा काढायचा... पण गावात असा उतरलो, तर बरं दिसायचं नाही."